ओढे, आगगाडी आणि मोजणीची साखळी
अमेरिकेच्या कुरण-मुलखाच्या नकाशांचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वार्षिक अंकात घराण्यांच्या वंशावळी, कुलदैवतांच्या कथा, वतनांच्या सनदा आणि ज्ञातीतील कर्तबगार पुरुषांची चरित्रे यांस नेहमीच मानाचे स्थान मिळत आले आहे, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र वाचकांची क्षमा मागून आम्ही त्यांस एका दूरच्या मुलखात नेणार आहोत. त्याचे निमित्त घरगुतीच आहे, म्हणून ते आधी सांगतो.

गेल्या दिवाळीत आमच्या घरी भाऊबंदांची बैठक बसली होती. वडिलोपार्जित जमिनीच्या दोन वाटण्यांमधील हद्द आमच्या पूर्वजांनी एका ओढ्याने ठरविली होती. पुढे ओढ्याने पात्र बदलले. जुने पात्र ज्यांस ठाऊक होते ते वडीलधारे एकामागून एक निवर्तले, आणि दोन्ही घरांच्या हाती राहिला तो सरळ रेघांचा एक कागद. त्या कागदावर शेताच्या बाजू आहेत, आकडे आहेत; परंतु पाणी कोठून वाहत होते, याचा बोध त्यावरून होत नाही. बैठकीत आमचा एक पुतण्या होता. तो अमेरिकेत कोलोराडो संस्थानात अभियंता आहे. वाद ऐकून झाल्यावर त्याने आपल्या पेटीतून एक जुने पत्रक काढून आमच्यापुढे पसरले. शेजारच्या वायोमिंग संस्थानातील गुरांच्या कुरणांचे ते स्थलदर्शक पत्रक होते. आपल्याकडे त्यास टोपोशीट म्हणतात. त्यावर तपकिरी वळणदार रेषांनी डोंगर दाखविले होते, निळ्या रेषांनी ओढे, काळ्या रेषेने आगगाडी. आणि या सर्वांवरून तांबड्या रेघांचे चौकोनी जाळे निर्विकारपणे पसरले होते. "काका, आपलेच भांडण आहे हे," तो म्हणाला. "फक्त तिकडे ते एका खंडाएवढे झाले."

त्या वाक्याने आमचे कुतूहल जागे झाले. पुढील काही महिने आम्ही या विषयाचा जो अभ्यास केला, त्याचे सार येथे देत आहोत.

साखळीचा मुलूख

इंग्लंडपासून स्वतंत्र झालेल्या अमेरिकेपुढे पश्चिमेकडील अफाट जमीन विकावयाची कशी, हा मोठा प्रश्न होता. खजिना रिकामा होता आणि जमीन हीच काय ती पुंजी होती. २० मे १७८५ रोजी तेथील काँग्रेसने जमिनीच्या मोजणीचा कायदा केला. त्यान्वये सर्व जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत विभागावयाची ठरली. अशा चौकोनास टाउनशिप म्हणत. प्रत्येक टाउनशिपचे छत्तीस भाग. प्रत्येक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. या भागास पुढे सेक्शन हे नाव रूढ झाले. सेक्शनांचे क्रमांक ईशान्येच्या कोपऱ्यापासून सुरू होतात, पश्चिमेकडे सहापर्यंत जातात, खालच्या ओळीत पूर्वेकडे वळतात, आणि शेतकरी औत फिरवितो त्याप्रमाणे पुढेमागे होत छत्तीसावर थांबतात. क्रमांक सोळाचा सेक्शन शाळेसाठी राखून ठेवलेला असे, ही गोष्ट विशेष नमूद करण्याजोगी आहे.

मोजणीचे साधन म्हणजे साखळी. एडमंड गंटर या इंग्रज गणितज्ञाने सतराव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणलेली ही साखळी ६६ फूट लांबीची. अशा ८० साखळ्यांचा एक मैल आणि दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्या ज्ञातीतील ज्या घराण्यांत कुळकर्णपण होते किंवा ज्यांचे पूर्वज मोजणी खात्यात होते, त्यांस येथे एक ओळखीची खूण पटेल. मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीत वापरलेली साखळी ३३ फुटांची, म्हणजे गंटरच्या साखळीच्या बरोबर निम्मी. तिचे सोळा आणे, आणि त्या एका साखळीचा चौरस तो आपला गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो तो यामुळेच. सारांश, आपल्या सातबाराच्या उताऱ्यावरील गुंठे आणि अमेरिकन शेतकऱ्याचा सेक्शन हे एकाच साखळीचे वंशज आहेत.

परंतु साम्य येथे संपते. आपल्याकडील मोजणीदार आधी नांदत असलेल्या गावात गेला. बांध, पाणंद, विहीर व ओढा जेथे होते तेथे ते पाहून त्याने शेते मोजली. अमेरिकेत याच्या उलट झाले. तेथे रेघा आधी आल्या व गावे मागाहून. सरकारी मोजणीचे काम मैलामागे ठराविक दराने मक्त्यावर दिले जाई. मोजणीदार सेक्शनच्या हद्दीवरून सरळ चालत जाई. वाटेत ओढा आडवा आला की किती साखळ्यांवर आला व किती रुंद होता, एवढे तो वहीत टिपी. पुढच्या रेघेवर तोच ओढा पुन्हा भेटेपर्यंत मधल्या मैलात त्याने काय वळणे घेतली, हे अंदाजाने काढले जाई. म्हणजे ओढ्याची नोंद झाली ती केवळ तो रेघेच्या आड आला तेवढ्यापुरती!

आणि ही जमीन रिकामीही नव्हती. शायेन, अरापाहो, लकोटा, क्रो इत्यादि मूळ लोक तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. रानरेड्यांच्या कळपांमागे ते ऋतुमानाप्रमाणे फिरत, आणि त्यांच्या मुलखाच्या हद्दी नद्यांनी व डोंगरांच्या कण्यांनी ठरलेल्या असत. १८५१ साली फोर्ट लॅरॅमी येथे जो तह झाला त्यात या लोकांच्या मुलखांच्या सीमा अशाच नद्या-डोंगरांच्या नावांनी लिहिलेल्या आहेत. तो तह टिकला नाही. १८६८ साली त्याच ठिकाणी दुसरा तह झाला. तोही पुढे मोडला गेला. ज्यांस प्रत्येक ओढा नावाने ठाऊक होता ते बाजूस सारले गेले, आणि ज्यांस तो केवळ साखळीच्या आकड्याने ठाऊक होता त्यांच्या रेघा कायम झाल्या.

बुद्धिबळाचा पट

या चौकोनी जाळ्यावर आगगाडी आली तेव्हा एक विलक्षण प्रकार घडला. पूर्व व पश्चिम किनारे लोहमार्गाने जोडण्यासाठी काँग्रेसने १८६२ साली कायदा केला. कंपन्यांस रोख पैसा पुरेसा देता येईना, म्हणून जमीन दिली. १८६४ च्या सुधारलेल्या कायद्याने मार्गाच्या दोन्ही बाजूंस वीस वीस मैलांच्या पट्ट्यातील एकाआड एक, म्हणजे विषम क्रमांकांचे सेक्शन आगगाडी कंपनीस मिळाले. सम क्रमांकांचे सरकारकडे राहिले. नकाशावर हा पट्टा रंगविला म्हणजे हुबेहूब बुद्धिबळाचा पट दिसतो. गाडी सुरू झाली की शेजारच्या सरकारी चौकोनांचा भाव चढेल व दिलेली जमीन भरून निघेल, असा त्यामागील हिशेब होता. ओलाव्याच्या प्रदेशात तो हिशेब बऱ्याच अंशी जमला. कोरड्या वायोमिंगमध्ये तो फसला. कारण तेथे एका चौकोनात ओढा आणि लगतच्या पाच चौकोनांत नुसते खुरटे गवत, अशी स्थिती होती.

स्वतः आगगाडीला मात्र चौकोनांशी कर्तव्य नव्हते. तिला हवा होता सौम्य चढ आणि वाफेच्या इंजिनासाठी पाणी. म्हणून युनियन पॅसिफिक कंपनीचा मार्ग आधी प्लॅट नदीच्या व नंतर लॉजपोल नावाच्या ओढ्याच्या काठाकाठाने पश्चिमेकडे चढत गेला. पुढे मोठी पर्वतरांग आडवी होती. ती ओलांडण्याची वाट कशी सापडली, याची हकीकत कंपनीचे मुख्य अभियंता जनरल ग्रेनव्हिल डॉज स्वतः सांगत असत. १८६५ साली लष्करी मोहिमेवरून परतताना डॉज थोड्याशा सोबत्यांनिशी मुख्य तुकडीपासून दूर गेले व मूळ लोकांच्या एका टोळीने त्यांस गाठले. त्यांना टाळीत डोंगराच्या एका कण्यावरून ते खाली उतरू लागले, तो कोठेही न तुटता सरळ मैदानापर्यंत उतरणारी एक सलग सोंड त्यांस दिसली. जिवावरचे संकट टळल्यावर त्यांच्या ध्यानी आले की, हाच आगगाडीचा मार्ग! त्या सोंडेवरून १८६८ साली रूळ पडले आणि समुद्रसपाटीपासून ८,२४७ फूट उंचीवरील शर्मन या ठिकाणी गाडी पोहोचली. १० मे १८६९ रोजी यूटा प्रांतात प्रॉमंटरी येथे पूर्वेचे व पश्चिमेचे रूळ एकमेकांस भिडले.

शर्मन गावाचा शेवटही सांगण्याजोगा आहे. तेथे स्थानक होते, इंजिनांची कोठी होती, वस्ती होती. कंपनीच्या दोघा प्रवर्तक बंधूंच्या स्मरणार्थ उभारलेला साठ फूट उंचीचा दगडी मनोरा होता. १९०१ साली कंपनीने चढ कमी करण्यासाठी मार्ग काही मैल दक्षिणेकडे हलविला. गाडी गेली तशी वस्तीही गेली. सांप्रत त्या ओसाड माळावर मनोरा तेवढा उभा आहे. ज्याच्यापाशी जुने पत्रक नाही, त्यास या ठिकाणी एवढा मनोरा कोणी व का बांधला, याचा उलगडा होणार नाही.

पाण्याचे धनी

आगगाडीमुळे या मुलखात गुरांचा धंदा वाढला. टेक्सासमधून गुरांचे तांडे शेकडो मैल चालवीत उत्तरेस आणावयाचे, व्यापाऱ्यांनी ती स्थानकावर विकत घ्यावयाची आणि डब्यांत भरून पूर्वेकडील शहरांस धाडावयाची, हा क्रम १८६७ साली कॅन्सस संस्थानातील ॲबिलीन येथून जोरात सुरू झाला. पुढे वायोमिंग-मोंटानाच्या कुरणांवरही गुरे पसरली. गुरांचे वाडे व त्यांभोवतीचा चराईचा मुलूख मिळून ज्यास तिकडे रँच म्हणतात, ते याच काळात उभे राहिले.

१८६२ च्या दुसऱ्या एका कायद्याने कोणाही वसाहतकऱ्यास पाच वर्षे राहून जमीन कसल्यास १६० एकर जमीन जवळजवळ फुकट मिळे. पाऊस भरपूर असलेल्या पूर्वेत १६० एकरांवर कुटुंब सुखाने जगे. कोरड्या पश्चिमेत तेवढ्यावर थोडीशी गुरेही पोसत नसत. परंतु धूर्त धंदेवाल्यांनी एक गोष्ट हेरली. ओढ्याच्या काठचे १६० एकर आपल्या नावे झाले, आणखी काही आपल्या गुराख्यांच्या नावे करून घेतले, की भोवतालचे हजारो एकर सरकारी कुरण आपोआप आपलेच! कारण पाण्यावाचून ते इतरांस निरुपयोगी. कागदावर मालकी चौकोनाची होती. प्रत्यक्षात राज्य ओढ्याचे होते.

१८७४ साली जोसेफ ग्लिडन यांनी काटेरी तारेचे पेटंट घेतले, आणि मोकळ्या मुलखात कुंपणे उठली. बुद्धिबळाच्या पटावर तर काहींनी अशी युक्ती केली की, तार केवळ आपल्या विषम चौकोनांच्या आतून न्यावयाची, पण ती अशी फिरवावयाची की मधले सरकारी सम चौकोन आपसूक आत कोंडले जावेत. १८८५ साली अशा कुंपणांविरुद्ध कायदा झाला. कोलोराडोतील एका प्रकरणात सुमारे २०,००० एकर सरकारी जमीन याप्रमाणे कोंडली गेली होती. १८९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती कुंपणे काढावयास लावली.

१८८६-८७ चा हिवाळा भयंकर ठरला. आधीच्या उन्हाळ्यात गवत वाळले होते, कुरणांवर बेसुमार गुरे होती. बर्फ पडले आणि लाखो गुरे कुंपणांना टेकून मेली. धंदा खचला, तसे मोठे धनी व लहान वसाहतकरी यांच्यातील वैर चिघळले. एप्रिल १८९२ मध्ये वायोमिंगच्या बड्या धन्यांनी टेक्सासमधून बंदूकबाज आणले आणि खास आगगाडीने सुमारे पन्नास माणसे कॅस्परपर्यंत नेली. तेथून घोड्यांवरून जाऊन त्यांनी पावडर नदीकाठच्या एका वाड्यावर दोघांस ठार केले. वार्ता पसरताच गावोगावचे लोक चालून आले व क्रेझी वूमन नावाच्या ओढ्याजवळील एका वाड्यात या हल्लेखोरांना त्यांनी वेढले. अखेर राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने घोडदळाने येऊन त्यांस सोडविले. इतिहासात यास जॉन्सन परगण्याचे युद्ध म्हणतात. गुरे चोरल्याचा आरोप हे बाह्य कारण होते. कुरण व पाणी कोणाचे, हा त्याखालचा खरा झगडा होता.

मेजर पॉवेल यांचा इशारा

हे सर्व घडण्यापूर्वीच ज्याने संकट ओळखले होते, अशा एका पुरुषाची ओळख वाचकांस करून देणे हे आमचे मुख्य कर्तव्य होय. जॉन वेस्ली पॉवेल हे यादवी युद्धात मेजर होते. १८६२ साली शायलोच्या लढाईत त्यांचा उजवा हात गेला. तरीही १८६९ साली अवघ्या नऊ सोबत्यांसह चार होड्या घेऊन त्यांनी कोलोराडो नदीच्या भयाण दऱ्यांतून प्रवास केला. पुढे अनेक वर्षे त्यांनी त्या कोरड्या मुलखाची पाहणी केली आणि १८७८ साली आपला प्रसिद्ध अहवाल सरकारला सादर केला.

अहवालाचे सार असे. शंभराव्या रेखावृत्ताच्या आसपासपासून पश्चिमेस वर्षाकाठी वीस इंचांहून कमी पाऊस पडतो व तेवढ्यावर शेती भरवशाची नाही. पाण्याखाली येईल अशी जमीन एकंदरीच्या मानाने फार थोडी आहे. म्हणून बागायती शेतास ८० एकर पुरेत. पण चराईच्या शेतास २,५६० एकर, म्हणजे चार चौरस मैल हवेत. हद्दी सरळ रेघांनी न आखता अशा आखाव्यात की, प्रत्येकास थोडे तरी पाणी लाभेल. पाण्याचा हक्क जमिनीशी निगडित असावा, म्हणजे कोणास तो वेगळा काढून विकता येणार नाही. नऊ किंवा अधिक माणसांनी एकत्र येऊन आपला चराईचा परगणा बनवावा, घरे पाण्याजवळ गटाने बांधावीत व कुरणे सामाईक, विनाकुंपण ठेवावीत. आपल्या वाचकांस हे वाचून गावठाण, पाणवठा आणि गायरान यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही.

हा सल्ला काँग्रेसने मानला नाही. नांगर गेला की पाऊस मागोमाग येतो, अशी त्या काळी तेथे भ्रामक समजूत होती, आणि जमीन विकणाऱ्या आगगाडी कंपन्यांस व पश्चिमेच्या पुढाऱ्यांस ती सोयीची होती. तथापि ३ मार्च १८७९ रोजी राष्ट्रीय भूगर्भ सर्वेक्षण खाते स्थापन झाले, आणि क्लॅरेन्स किंग यांच्यामागून १८८१ साली पॉवेल त्याचे प्रमुख झाले. त्यांनी ठरविले की, आधी देशाचा खरा नकाशा हवा. जमिनीची उंची-सखलता आणि पाण्याची वाट ज्यात दिसेल असा.

तीन रंगांचे पत्रक

हेन्री गॅनेट हे या कामातील पॉवेल यांचे उजवे हात होत. मोजणीची पद्धत अशी. थिओडोलाइटने मोठे त्रिकोण मोजून डोंगरमाथ्यांची स्थाने प्रथम निश्चित करावयाची. मग स्थलदर्शकाने तिकाटण्यावर प्लेन टेबल मांडावयाचे. त्यावर कागद ताणलेला असतो, कागदावर दुर्बिणीची पट्टी असते. टेकडीवर उभे राहून दिसणारी प्रत्येक खूण त्या पट्टीने रोखावयाची, कोन मोजून तिची उंची काढावयाची, आणि मुलूख डोळ्यांपुढे असतानाच समोच्च रेषा हाताने काढावयाच्या. समोच्च रेषा म्हणजे एकाच उंचीची ठिकाणे जोडणारी रेषा. अशा रेषा दाटीने आल्या की कडा समजावा, विरळ आल्या की माळ. ओढा ओलांडताना ही रेषा टोकदार वळण घेते, आणि ते टोक नेहमी उगमाकडे असते. त्यामुळे पाणी कोणत्या दिशेने वाहते, हे न सांगता कळते.

मग तांब्याच्या पत्र्यांवर कोरून तीन रंगांत छपाई. काळा रंग मनुष्याच्या कृतीस: वाटा, घरे, रूळ, नावे. तपकिरी रंग उंचवट्यास. निळा पाण्यास. बारमाही ओढ्याची निळी रेषा सलग. पावसाळी ओढ्याची तुटक. ही तुटक निळी रेषा आम्हांस फार मोलाची वाटते. सेक्शनच्या नकाशात ओढा म्हणजे रेघेला आडवा आलेला एक अडथळा होता. येथे तो उगमापासून संगमापर्यंत, त्याच्या स्वभावासकट उतरला. नावांचाही घोळ होता. एकाच ओढ्यास तीन नावे, एकाच नावाचे दहा ओढे! तो निस्तरण्यासाठी १८९० साली स्थलनामांचे राष्ट्रीय मंडळ नेमण्यात आले. पुढे गॅनेट त्याचे अध्यक्ष झाले.

दुष्काळाच्या झळा लागताच १८८८ साली काँग्रेसने पॉवेल यांस पाटबंधाऱ्यांची पाहणी करण्यास पैसा दिला. धरणास व कालव्यास योग्य जमीन कोणती, हे ठरेपर्यंत ती विक्रीतून काढून घेण्याची तरतूदही त्यात होती. पॉवेल यांनी प्रथम स्थलदर्शक नकाशे हाती घेतले. कोरड्या प्रदेशाचा खोऱ्यांप्रमाणे रंगविलेला त्यांचा नकाशा याच सुमारास प्रसिद्ध झाला. त्यात सत्ता चौकोनांची नसून पाणलोटांची आहे. परंतु जमिनीचा व्यवहार थांबल्याने हितसंबंधी खवळले आणि १८९० साली पैसा बंद झाला. १८९३ साली लॉस एंजेलिसच्या पाटबंधारे परिषदेत पॉवेल यांनी स्पष्ट सांगितले की, या सर्व जमिनीस पुरेल एवढे पाणीच नाही. सभेने हुर्यो करून त्यांस खाली बसविण्याचा यत्न केला. पुढील वर्षी त्यांनी प्रमुखपद सोडले व १९०२ साली ते निवर्तले.

एक हिंदी धागा

या कथेत आपल्या देशाचाही एक धागा गुंफलेला आहे. पॉवेल यांच्या खात्यातील हर्बर्ट विल्सन हे स्थलदर्शक अभियंता हिंदुस्थानातील पाटबंधारे पाहण्यास आले होते. कोरड्या मुलखात मोठ्या प्रमाणावर पाणी कसे खेळविले जाते, हे शिकावयाचे तर हिंदुस्थानाकडे पाहावे, असे अमेरिकेस त्या वेळी वाटे. मुठेवरील खडकवासल्याचे धरण तेव्हा उभे होते. विल्सन यांचा हिंदी पाटबंधाऱ्यांवरील विस्तृत वृत्तांत खात्याच्या १८९०-९१ च्या वार्षिक अहवालात आला व १९०३ साली स्वतंत्रपणे पुन्हा छापला गेला. शिकविणारा व शिकणारा या भूमिका कायमच्या नसतात, एवढेच यावरून ध्यानात घ्यावे.

काळाचा निवाडा

पुढे काय झाले? १६० एकरांची मर्यादा काँग्रेसने १९०९ साली ३२० वर आणि १९१६ साली गुरे पाळणाऱ्यांसाठी ६४० वर नेली. पॉवेल यांनी १८७८ सालीच २,५६० सांगितले होते! मधल्या काळात असंख्य कुटुंबे चौकोनावर आशेने आली व कर्जात बुडून निघून गेली. १९३० नंतरच्या दशकात दक्षिणेकडील मैदानांत नांगरलेली माती वाऱ्यावर उडाली, तिच्या वादळांनी दिवसा अंधार पडला. १९३४ साली टेलर कायद्याने सरकारी कुरणांच्या चराईवर नियंत्रण आले व मोकळ्या वाटपाचे युग संपत आले.

मूळ लोकांवरही तोच चौकोन लादला गेला. १८८७ च्या डॉज कायद्याने (हे सिनेटर डॉज अभियंता डॉज यांहून निराळे) त्यांची सामाईक जमीन तोडून कुटुंबप्रमुखास १६० एकर याप्रमाणे वाटली, आणि उरलेली बाहेरच्यांस खुली केली. त्या वर्षी त्यांच्याकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ पर्यंत ती सुमारे ४ कोटी ८० लाख एकरांवर आली.

बुद्धिबळाचा पट तर अद्याप मोडलेला नाही. त्या पटावर दोन सरकारी चौकोन एकमेकांस केवळ कोपऱ्याच्या बिंदूपाशी स्पर्श करतात. २०२१ साली चार शिकाऱ्यांनी दक्षिण वायोमिंगमध्ये खाजगी जमिनीस पाय न लावता शिडीवरून असा कोपरा ओलांडला. मालकाने फिर्याद केली. २०२५ साली वरिष्ठ संघीय न्यायालयाने १८८५ च्या त्याच कुंपणाच्या कायद्याचा आधार घेऊन शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. १८६४ साली कागदावर ओढलेल्या रेघांचे भांडण एकशे साठ वर्षे पुरले!

दरम्यान स्थलदर्शक नकाशांचे काम चालूच राहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानातून घेतलेल्या छायाचित्रांच्या साहाय्याने अधिक मोठ्या प्रमाणावरची पत्रके निघाली, आणि १९९२ च्या सुमारास सलग अठ्ठेचाळीस संस्थानांची पंचावन्न हजारांहून अधिक पत्रके पुरी झाली. १८८४ पासूनची जुनी पत्रकेही त्या खात्याने जपून, त्यांच्या प्रतिमा घेऊन सर्वांस विनामूल्य खुली केली आहेत. आटलेला ओढा, उखडलेला रूळ, उठून गेलेले गाव, कोणा कुटुंबाच्या नावाचा वाडा यांचा माग त्यांवरून काढता येतो. आमच्या पुतण्याचे पत्रक त्यांपैकीच एक.

आपल्यापुरते

आता मूळ बैठकीकडे वळू. पुतण्याच्या सांगण्यावरून आम्ही आमच्या गावाचे जुने एक इंची पत्रक मिळविले. त्यात आमचा ओढा तुटक निळ्या रेषेने दाखविलेला निघाला. वळण बरोबर आमराईच्या खालून. त्याने वाद पूर्णपणे मिटला असे आम्ही म्हणणार नाही. एवढ्या लहान प्रमाणाच्या नकाशावरून बांध ठरत नाही. परंतु दोन्ही घरचे लोक कित्येक वर्षांनी तो कागद हाती घेऊन एकत्र शिवारात गेले, आणि जुन्या पात्राचे गोटे खरोखरच आमराईखाली सापडले. त्या दिवशी चहा एकाच घरी झाला, हेही थोडे नव्हे.

मात्र एक गोष्ट आमच्या मनास लागून राहिली. पत्रकावर ओढ्याची रेषा होती, नाव नव्हते. आमच्या चुलत आजीस ते नाव ठाऊक होते असे सर्वजण सांगतात. तिला कोणी विचारले नाही, आणि आता विचारता येत नाही. फूटपट्टीची रेघ सरकार जपते. पाण्याची वाट नकाशा जपतो. परंतु नाव जपावयाचे ते कुटुंबानेच.

म्हणून आमची सर्व ज्ञातिबांधवांस व भगिनींस नम्र विनंती आहे. आपल्या मूळ गावाचा नकाशा मिळवावा. घरातील वृद्ध मंडळींस शेजारी बसवून त्यावर ओढ्यांची, माळांची, पाणंदींची, विहिरींची नावे लिहून घ्यावीत, व त्याची एक प्रत मंडळाच्या दप्तरी द्यावी. वंशावळीत माणसांची नावे आपण निष्ठेने जपली. ज्या पाण्यावर ती माणसे जगली त्याचे नावही तेवढ्याच निष्ठेने जपावे. हे कार्य पुढील अंकापर्यंत काही घरांत तरी सुरू झाले, तर आम्ही आमच्या लेखणीचे सार्थक झाले असे समजू.